इमरानच्या हातात बंद पडणारी गाडी

१

संत्र्याच्या कलमांनी भरलेली पिकअप रेल्वेच्या रुळांवर मधोमध बंद पडली, तेव्हा मैनाबाई ढोले केबिनमध्ये इमरानच्या शेजारी बसल्या होत्या.

फाटक उघडं होतं. मालगाडीला अजून वेळ होता. पण रुळांवर उभ्या असलेल्या माणसाला वेळ किती आहे ते कळत नाही. इमराननं दोनदा चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. मग त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला तो सोडलाच नाही. गेटमन हिरवी झेंडी टाकून धावत आला, मागच्या ट्रॅक्टरवरची माणसं उतरली, आणि सातआठ जणांनी मिळून पिकअप पलीकडे ढकलली. दहा मिनिटांनी फाटक पडलं आणि मालगाडी गेली. रस्त्याकडेच्या दगडावर बसलेल्या मैनाबाईंनी तिचे डबे शेवटपर्यंत पाहिले.

त्यांचा मुलगा किशोर मोटरसायकलवरून आला. आईला पाणी दिलं, इमरानशी एक शब्द बोलला नाही. शर्टाच्या खिशातून आपली चावी काढून तो पिकअपमध्ये बसला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

तीन आठवड्यांत ही चौथी वेळ होती. आधीच्या तिन्ही वेळा गाडी अमरावतीच्या अलीकडे बंद पडली होती. तिथं पुलाचं काम चालू असल्यानं रस्ता शेतातून खड्ड्याखड्ड्यांचा वळवला होता, आणि ते वळण संपलं की समोरच गुलफामचं गॅरेज होतं. गुलफाम म्हणजे इमरानचा साळा. चारही वेळा गाडी इमरान चालवत होता. किशोरच्या हातात ती एकदाही बंद पडली नव्हती.

दुपारी रिद्धपूरजवळच्या त्यांच्या नर्सरीत, कडुनिंबाखाली, किशोर सगळ्यांसमोर बोलला.

"गाडी बंद पडत नाई. कोणीतरी तिले बंद पाडून राह्यलं. आज माही माय होती तिच्यात."

इमरान शेख वीस वर्षांपासून ती गाडी चालवत होता. किशोरचे वडील सूर्यभानजी हयात असताना लागला आणि घरातलाच होऊन गेला. त्यानं खिशातून गाडीच्या चावीसकट सगळ्या चाव्यांचा झुबका काढला आणि बाजेवर ठेवला. बाजेची सुंभाची वीण त्या वजनानं खाली दबली.

"मी नाई केलं, एवढं तं म्हण," मैनाबाई म्हणाल्या.

इमरान त्यांच्याकडे पाहत राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मग तो वळला आणि घराकडे चालायला लागला.

२

अकोल्याहून मनकर्णा गावंडे आल्या त्या प्राजक्ताच्या फोनवरून. प्राजक्ता ही किशोरची बायको, आणि मनकर्णाबाई तिच्या सख्ख्या मावशी. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतला होता. वर्गातल्या पोरांना पहिल्याच दिवशी त्या सांगत, पाना हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हरला विचारा. निवृत्त झाल्या, तरी ती सवय सुटली नव्हती.

"गाडी तठी उभी आहे, मावशी," किशोर म्हणाला. "बोनेट उघडू का?"

"राहू दे. आधी मले चहा पाज, आन् तुह्या मायजवळ बसू दे."

मैनाबाईंना आधी काही आठवत नव्हतं. फक्त रूळ आठवत होते.

"बंद पडायच्या आधी तुमी कुठी पाहून राह्यल्या होत्या?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"समोर. त्या घड्याळांकडे."

"काय दिसलं?"

मैनाबाईंनी बशी खाली ठेवली. "पेट्रोलचा काटा. अर्ध्यावर होता, तो एकदम खाली पडला. मले वाटलं पेट्रोल सरलं. पण सकाळीच तं भरलं होतं."

"आन् हॉर्न? जोरात वाजे का रडल्यासारखा?"

"अजून कानात आहे माह्या."

मनकर्णाबाईंनी चहा संपवला. त्यांचा चेहरा पाहून प्राजक्ताला वाटलं, मावशीला काहीतरी सापडलं.

किशोरनं आपली बाजू नीट मांडली. तो वाईट माणूस नव्हता, आणि मूर्ख तर नव्हताच. "तोच रस्ता, तेवढाच माल. मी तीनदा मुद्दाम नेऊन पाह्यली. एकदाबी नाई अटकली. इमरान बसला का अटकते, तेबी त्याच्या साळ्याच्या दारात. मंग साळा कधी कॉईल बदलते, कधी प्लग बदलते."

"तुले ही गाडी ठेवायची आहे का?"

"नाई. मले नवी डिझेल घ्यायची आहे. माय नाई म्हणते. बाबाची गाडी आहे म्हणते."

"म्हंजे गाडी बंद पडण्यात तुहाबी फायदा आहे."

प्राजक्तानं मान खाली घातली. किशोरचे कान लाल झाले, पण तो चिडला नाही. "आहे. पण मी मायले रुळावर ठेवीन का?"

"नाई ठेवणार. मी आपलं विचारलं."

"मंग अजून एक गोष्ट ऐका, मावशी. मांगच्या बुधवारी इमराननं सुट्टी घेतली. गुलफामकडे जातो म्हणून सांगून गेला. मी संध्याकाळी गुलफामले फोन केला. तो म्हणे, भाऊजी आलेच नाई."

३

गुलफामचं गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि भिंतीला टांगलेले पाने. मनकर्णाबाई आल्या तशी त्यानं खुर्ची पुसून दिली. कशासाठी आल्या ते त्याला ठाऊक होतं. विचारायच्या आतच त्यानं तेलाच्या कापलेल्या डब्यातून जुने पार्ट काढून समोर मांडले. कॉईल, कंडेन्सर, पॉइंट, चार प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं सगळं.

"सारे ठेवले आहेत, बाई. एकबी विकला नाई."

मनकर्णाबाईंनी पिशवीतून मीटर काढलं. कॉईल तपासली. मग ती गरम पाण्यात ठेवून पुन्हा तपासली, कारण कॉईल कधीकधी गरम झाल्यावरच दगा देते. कंडेन्सर पाहिला. पॉइंटची तोंडं चष्म्याखाली धरली. प्लग कोरडे होते आणि विटकरी रंगाचे होते, म्हणजे आत पेट्रोल नीट जळत होतं.

"हे सारे चांगले आहेत, गुलफाम."

"हो."

"तुले हे माहीत होतं?"

गुलफाम हातातलं फडकं पिळत राहिला. "बदलल्यावर समजलं. बाई, मी गाडीजवळ जातो तवा ती चालूच होते. बंद असताना म्या तिले एकदाबी पाह्यली नाई. भाऊजी चावी काढून अठी मले बोलवाले येत. मी जाऊन प्लगची वायर काढून पाहो, तं हा एवढा निळा करंट. मंग मी अंदाजानं एकएक पार्ट बदलत गेलो. चूक झाली माही."

"तुही चूक एवढीच का तू इंजिनकडून सुरुवात केली." मनकर्णाबाईंनी जमिनीवरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली. "पाह्य. अठी बॅटरी. मंग चावीचा स्विच. मंग कॉईल, डिस्ट्रिब्युटर, प्लग. तू प्लगपासून मांगं मांगं आला आन् कॉईलपाशी थांबला. आता मैनाबाई सांगतात, गाडी बंद पडताना पेट्रोलचा काटा खाली आला. कॉईल मेली तं काटा पडीन का?"

गुलफामनं रेघेकडे पाहिलं. "नाई. काट्याले करंट कॉईलमधून जात नाई."

"आन् हॉर्न जोरात वाजला. हॉर्न सरळ बॅटरीवर आहे. म्हंजे बॅटरी चांगली, कॉईल चांगली. करंट मधातच कुठीतरी तुटून राह्यला."

मधे एकच गोष्ट होती. गुलफामच्या ती लक्षात आली आणि त्याचा चेहरा उतरला.

"चावी," तो हळूच म्हणाला. "पण बाई, चावी तं भाऊजीच्या हातात असते."

"तेच तं. आता मले सांग, बुधवारी ते कुठी गेले होते?"

गुलफामनं फडकं खांद्यावर टाकलं. "तुमी त्यायलेच विचारा. मले त्यायनं शपथ घातली आहे."

४

दार तुबानं उघडलं. इमरानची मुलगी, अमरावतीच्या कॉलेजात बीएस्सीला. आतल्या खाटेवर इमरान भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाहुणी आली म्हणून उठून बसला. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते.

"बाई, मी आता ती गाडी चालवणार नाई," तो म्हणाला. "तुमी नाहक आल्या."

"चालवू नको. फक्त सांग, बुधवारी कुठी गेला होता?"

तुबानं फळीवरच्या पुस्तकातून एक घडी केलेला कागद काढला आणि मनकर्णाबाईंच्या हातात दिला. "अब्बाच्या खिशात सापडला मले. मी त्यायले विचारलं नाई."

तो अमरावतीतल्या मेंदूच्या डॉक्टरांचा कागद होता. तपासणीची तारीख लिहिलेली होती, अजून आठ दिवस पुढची.

इमराननं मुलीकडे पाहिलं आणि मग त्याला लपवायला काही उरलं नाही.

"माह्या अब्बाले फिट येत," तो म्हणाला. "पन्नाशी जवळ आल्यावर सुरू झाल्या होत्या. आधी मोठ्या नाई. बोलता बोलता एक क्षण थांबत, हातातली वस्तू पडे. त्यायले समजतबी नसे. मी आता अठ्ठेचाळीसचा आहो. पहिल्यांदा गाडी बंद पडली तवा काही वाटलं नाई. दुसऱ्यांदा गुलफाम म्हणे, गाडीत खराबी नाई. तिसऱ्यांदाबी नाई. मंग खराबी कोणात आहे, बाई? मले वाटते माह्याच हातानं चावी फिरते, आन् मले समजत नाई."

तुबानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"म्हणून मले पंधरा दिवसांपासून बसनं जाय म्हणता?" तिनं विचारलं. "म्हणून मोटरसायकलवर बसवत नाई?"

इमराननं मान हलवली. "काकू म्हणाल्या, मी नाई केलं एवढं म्हण. कसं म्हणू? मलेच माहीत नाई. त्या रुळावर माह्या बाजूले बसल्या होत्या."

गाडीत काय बिघडलंय याचा मनकर्णाबाईंना अंदाज आला होता, पण हा माणूस तीन आठवडे कशाखाली दबून बसलाय हे त्यांना आत्ता कळलं.

"रुळावर काय काय झालं, मले क्रमानं सांग. घाई नको."

इमराननं डोळे मिटले. "फाटकाच्या अलीकडे गिअर कमी केला. क्लच दाबलेला होता. पहिल्या रुळावर गाडी उसळली. काकूच्या बांगड्या खिडकीले लागल्या. काटा पडला. इंजिन गेलं. गेटमनचं तोंड दुसरीकडे होतं, तो बिडी पेटवून राह्यला होता. मी चावी फिरवली, दोनदा. मंग हॉर्न."

"बांगड्यांच्या आवाजानंतर काटा पडला?"

"हो. लगेच."

"काटा पडताना तू पाह्यला?"

"पाह्यला."

"मंग मधात क्षण कुठी हरवला, इमरान? तुले तं सारं आठवते." त्या उठल्या. "तुह्या तब्येतीचं डॉक्टर सांगतीन, मी सांगणार नाई. पण गाडीचं मी सांगू शकीन असं वाटते. उद्या सकाळी गाडी तू चालवशील. मी आन् किशोर तुह्या बाजूले बसू."

"आन् बंद पडली तं?"

"पडलीच पाह्यजे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

५

सकाळी नऊला पिकअप पुलाच्या वळणावर पोचली. मधे मनकर्णाबाई, खिडकीशी किशोर. बाजेवर ठेवलेला चाव्यांचा झुबका मनकर्णाबाईंनी इमरानला परत दिला होता. इमरानच्या कपाळावर घाम होता, आणि ऊन अजून तापलं नव्हतं.

"किशोर, तू रस्ता पाहू नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "याच्या हातांवर नजर ठेव. चावीजवळ हात गेला तं मले सांग."

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. तिसरा खोल होता. इमराननं क्लच दाबून गाडी हळू उतरवली, केबिन डावीकडे झुकली, आणि इंजिन बंद पडलं.

पेट्रोलचा काटा शून्यावर पडला होता.

"हात कुठी होते?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

किशोर म्हणाला, "स्टिअरिंगवर. दोन्ही. मी पापणीबी लववली नाई, मावशी. त्यानं काहीच नाई केलं."

इमराननं स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

"आता तुमी दोघं जागा बदला. किशोर, तुही चावी लाव."

किशोर आपल्या चावीनं त्याच खड्ड्यांतून तीनदा गेला आणि आला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. तिसऱ्या फेरीला तो उदास होऊन म्हणाला, "पाहा. माह्या हातात नाई पडत. मंग हे काय आहे?"

मनकर्णाबाईंनी त्याची चावी काढून घेतली आणि इमरानचा झुबका त्याच्या हातात ठेवला.

"आता याच्यानं."

किशोरनं चावी लावली. झुबका खाली लोंबला. पहिल्या खड्ड्यात काही झालं नाही. दुसऱ्यात गाडी उसळली, झुबका वर उडून धाडकन खाली ओढला गेला, आणि इंजिन बंद पडलं. किशोर ढोलेच्या हातात. काटा खाली.

किशोरनं हळूच स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

६

गुलफामनं चावीचा स्विच काढून उघडला, तेव्हा सगळे त्याच्याभोवती उभे होते. आतली पितळी पट्टी एका बाजूनं झिजून खोलगट आणि काळी झाली होती.

"वीस वर्षं हे वजन या एका जागेवर लोंबकळून राह्यलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साध्या रस्त्यावर पट्टी टेकलेली राह्यते. खड्ड्यात झुबका झटका देते, पट्टी सुटते, कधी पापणी लवते तेवढा वेळ, कधी चावी काढून परत लावेपर्यंत, आन् कॉईलचा करंट जाते."

"पण मंग हायवेवर कधी कशी नाई पडली?" किशोरनं विचारलं.

"पडत असीन. पण तठी गाडी गिअरात पळते. चाकंच इंजिन फिरवत राह्यतात, करंट परत आला का ते पुन्हा धरते. तुमाले एक हिसका लागला असीन, बस. खड्ड्यात आन् फाटकात क्लच दाबलेला. इंजिनले आधार नाई. तठी एक क्षण पुरे."

गुलफाम मान हलवत होता. "आन् भाऊजी चावी काढून मले बोलवाले येत. परत लावली का सरकलेली पट्टी बरोबर बसे. म्हणून माह्यासमोर नेहमी करंट."

"आन् माही चावी एकटी," किशोर म्हणाला.

"गाडी तीच, रस्ता तोच. फरक माणसाचा आहे असं तुमी साऱ्यांनी धरलं. इमराननंबी तेच धरलं." मनकर्णाबाईंनी झुबका हातात तोलला. "किती चाव्या आहेत ह्या?"

इमराननं कधी मोजल्या नव्हत्या. त्यानं एकेक बोटानं बाजूला केली. खताच्या खोलीची. दोन्ही विहिरींच्या मोटरपेट्यांची. सूर्यभानजींच्या कपाटाची, जे ते गेल्यापासून मैनाबाईंनी उघडलं नव्हतं. पुण्याला राहायला गेलेल्या पुंजाजींच्या घराची, कारण पावसाळ्यात कोणीतरी आत जाऊन गळतंय का ते पाहायला हवं. शाळेच्या मागच्या दाराची. पार्बताबाईंच्या घराची, त्या एकट्या राहत आणि दोनदा चावी हरवून बसल्या होत्या. अशा सव्वीस निघाल्या.

किशोर ऐकत होता. गावातल्या निम्म्या कुलपांवर ज्याचा हात चालतो, त्याच्यावर आपण काय आरोप ठेवला, हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

"मी चुकलो, इमरानभाई," तो म्हणाला. "साऱ्यांसमोर बोललो. साऱ्यांसमोरच माफी मागीन."

"तुही माय होती गाडीत," इमरान म्हणाला. "माही असती तं मीबी बोललो असतो."

पण त्याचं लक्ष किशोरकडे नव्हतं. तो मनकर्णाबाईंच्या जवळ आला आणि हळू आवाजात, लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "म्हंजे बाई, मी बरा आहो?"

"डॉक्टरची तारीख चुकवू नको. तुबासाठी जाऊन ये. पण ज्या गोष्टीवरून तुले शंका आली, ती गोष्ट ही आहे." त्यांनी झिजलेली पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. "तुह्या डोक्याचा हिच्याशी काही संबंध नाई."

इमराननं मूठ मिटली. तो गॅरेजच्या पायरीवर बसला. गुलफामनं त्याच्याशेजारी पाण्याचा ग्लास ठेवला आणि कामाला लागला. नवीन स्विच बसवायला अर्धा तास लागला. चावी त्यानं एका साध्या तारेच्या कडीत ओवली, दुसरं काही त्या कडीत घातलं नाही.

परतताना किशोरनं गाडी घेतली. मनकर्णाबाई मधे बसल्या, इमरान खिडकीशी. वळणावरचे खड्डे पार झाले. मोर्शी रोडला लागल्यावर मनकर्णाबाईंच्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. इमरान झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे.

"तीन हप्ते हा निजला नाई वाटते," त्या कुजबुजल्या.

"वीस वर्षांत मी याले गाडीत निजलेला पाह्यला नाई," किशोर म्हणाला आणि त्यानं वेग कमी केला. मागून हॉर्न वाजवत एक ट्रक पुढे गेला. किशोरनं जाऊ दिला. फाटक आलं तेव्हा तो इतक्या हळू रूळ ओलांडून गेला की गेटमन झेंडी हातात धरून पाहतच राहिला.

नर्सरीच्या कुंपणात येऊन किशोरनं गाडी सावलीत लावली आणि इंजिन बंद केलं. दार उघडलं नाही. मनकर्णाबाईंचा खांदा भरून आला होता, त्याही हलल्या नाहीत. कलमांच्या रांगांमधून मैनाबाई लगबगीनं येताना दिसल्या, मागे प्राजक्ता. त्यांनी बंद गाडी पाहिली, आत बसलेली तिघं पाहिली, आणि त्यांचे पाय जागच्या जागी थबकले.

"काय झालं?" त्यांनी दुरूनच विचारलं. "पुन्हा बंद पडली का?"

किशोरनं ओठांवर बोट ठेवलं.

"नाई, माय. म्याच बंद केली. इमरानभाई निजले आहेत."